तळ्यातले मासे पहाटेच का मरतात? दोष उन्हाचा, गाळाचा की विषाचा, ते ठरवायला हवं

पनवेल : मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या, आभाळ दोन दिवस भरून राहिलं, की तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या तळ्यावर पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसतात. आठ वाजेपर्यंत त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतो. दहापर्यंत निकालही लागलेला असतो. कोणी म्हणतं विष टाकलं, कोणी म्हणतं कंपनीचं पाणी सोडलं, कोणी म्हणतं उन्हाळा कडक होता म्हणून मेले. दुपारी मासे पुरले जातात आणि विषय संपतो. तळ्याचा ठेका घेणाऱ्याचे पैसे मात्र बुडालेले असतात.

या तिन्ही कारणांपैकी कुठलंही खरं असू शकतं. पण ते ओळखायचं असेल तर तळ्याच्या पाण्यात आणि तळाच्या गाळात वर्षभर उष्णता कशी खाली-वर होते हे समजून घ्यावं लागतं. पनवेलसारख्या तालुक्यात तर ते जास्तच गरजेचं आहे. एका बाजूला गावतळी, खारपाटातली जिताड्याची तळी, देहरंगसारखं धरण आणि शहरातले वडाळे, कृष्णाळे असे जुने तलाव. दुसऱ्या बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत. कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी कारण चुकीचं ठरलं तर दोन तोटे होतात. निसर्गाने मासे मेले असतील तर शेजाऱ्यावर नाहक आळ येतो. आणि सांडपाण्याने मेले असतील तर "उन्हामुळे झालं" म्हणून दोषी सुटतो.

वरचं पाणी गरम, खालचं गार

विहिरीत सूर मारणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. छातीपर्यंतचं पाणी कोमट लागतं आणि पाय खाली गेले की गारवा झोंबतो. ऊन वरच्या पाण्याला तापवतं. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वरच राहतं. गार पाणी जड, ते तळाशी बसतं. डब्यातल्या दुधावर साय धरावी तसे दोन थर होतात आणि वारा किंवा थंडी येईपर्यंत ते एकमेकांत मिसळत नाहीत.

थंड देशांतल्या तलावांपेक्षा आपल्याकडे ही गोष्ट लवकर होते. पाणी जितकं गरम, तितका एका अंशाचा फरक जास्त भारी पडतो. ४ वरून ५ अंशांवर जाताना पाणी जेवढं हलकं होतं, त्याच्या तीसपटीहून जास्त ते २९ वरून ३० अंशांवर जाताना होतं. म्हणून कोकणातल्या तळ्यात वर आणि खाली दीड-दोन अंशांचाच फरक असला तरी थर पक्का बसतो. हाताला तो फरक धड जाणवतही नाही.

या थरामुळे अडचण प्राणवायूची होते. पाण्याला प्राणवायू मिळतो तो वरून, हवेतून आणि उन्हात शेवाळं-वनस्पतींकडून. थर बसला की तो खाली पोचत नाही. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर तोच साडेसातपर्यंत उतरतो. रोहू, कटला, मृगळ यांना पाचच्या वर असला की बरं असतं. तीनच्या खाली गेला की मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो.

गाळ हा तळ्याचा साठा आणि खर्चही

पाण्याचं तापमान कोणी तरी मोजतं, गाळाचं कोणीच मोजत नाही. खरा हिशोब मात्र तिथेच आहे.

तळाच्या गाळात पाला, शेण, मेलेलं शेवाळं, उरलेलं खाद्य, निर्माल्य, सांडपाण्यातली घाण असं सगळं बसलेलं असतं. ते कुजताना प्राणवायू खातं. कुजण्याचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. साधारण १० अंश वाढले की तो दुप्पट होतो. म्हणजे जानेवारीतला गाळ आणि मेमधला गाळ दिसायला सारखा, पण भूक दुप्पट. प्राणवायू संपला की कुजणं थांबत नाही, फक्त त्याची रीत बदलते. मग अमोनिया, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि मिथेन तयार होतात. भाताच्या खाचरात चिखलणी करताना पायाखालून बुडबुडे येतात आणि काळा चिखल वर येतो, तोच हा प्रकार. त्याचबरोबर गाळात अडकलेलं लोह, मँगनीज आणि स्फुरद सुटून पाण्यात येतं. प्यायच्या पाण्याच्या धरणात यानेच कधी पाणी पिवळट होतं, कधी वास येतो.

गाळ उष्णता धरून ठेवतो, हे विज्ञानाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा तलावात बर्ज, जुडे आणि मार्च या तिघांनी तळाच्या चिखलात पाच मीटर खोलपर्यंत तापमान मोजलं आणि १९२७ साली ते प्रसिद्ध केलं. उन्हाळ्यात चिखल पाण्याकडून ऊब घेतो आणि हिवाळ्यात ती पाण्याला परत देतो, असं त्यात दिसलं. तिथे तलाव बर्फाने झाकला जातो, आपल्याकडे तसं नाही. पण चिखलाचा गुणधर्म सारखाच.

दिवसाचं ऊन गाळात जेमतेम चार बोटं, फार तर वीतभर उतरतं आणि रात्री परत निघतं. वर्षाचं ऊन मात्र मीटरभराच्या खाली जातं, आणि सावकाश जातं. कमरेइतक्या गाळाच्या तळाशी वैशाखातला उन्हाळा पोचायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे वर पाऊस सुरू होऊन अंगावर गारवा आला, तरी खालच्या गाळात उन्हाळा चालूच असतो.

वर्षात धोक्याच्या वेळा दोन

यावरून आपल्याकडच्या उथळ तळ्याचं वर्ष असं मांडता येतं.

पौष-माघात रात्री गार असतात. वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं, तळ्याचं पाणी जवळपास रोज मिसळतं. या दिवसांत मासे सहसा मरत नाहीत.

चैत्र-वैशाखात पाणी आटतं. दोन पुरुष पाणी होतं तिथे कमरेएवढं राहतं, मग ऊन थेट तळापर्यंत पोचतं आणि गाळ तापतो. दुपारी थर बसतो. पण खाडीकडून संध्याकाळी वारा येतो, उथळ पाणी तो ढवळून टाकतो. म्हणून भर उन्हाळ्यात हाल असले तरी तळं कसंबसं तग धरतं.

पहिला धोका मृगाच्या तोंडावर. आभाळ भरतं, ऊन पडत नाही, शेवाळं दिवसा प्राणवायू तयार करत नाही, उलट रात्री खातं. वारा पडतो. मग जोराची सर येते. पावसाचं पाणी तळ्यापेक्षा गार आणि जड, ते थेट तळाशी उतरतं आणि खालचं प्राणवायू नसलेलं काळं पाणी वर ढकलतं. सोबत उतारावरची धूळ, शेण आणि वर्षभराचा केर वाहून येतो. या सगळ्याचा तळ गाठला जातो तो पहाटे, सूर्य उगवण्याआधी. म्हणून मासे पहाटेच मरतात. गंमत अशी की याच सरीने नदी-ओढ्याच्या मोकळ्या पाण्यात वलगण सुरू होते. एकाच पावसाने वाहत्या पाण्यातला मासा चढणीला लागतो आणि कोंडलेल्या तळ्यातला गुदमरतो.

आषाढ-श्रावणात तळं भरून वाहतं. पाणी गढूळ पण मिसळलेलं असतं. तेव्हा भीती कमी.

दुसरा धोका आश्विन-कार्तिकात. ऑक्टोबरच्या उन्हात आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि तळं काठोकाठ भरलेलं. खोल पाण्यात थर बसतो तो रात्री मोडत नाही, कित्येक दिवस टिकतो. तळाशी प्राणवायू संपत जातो आणि वरून काही कळत नाही. मग एका रात्री थंडी उतरते, वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि अख्खं तळं पलटी खातं. मोठ्या, खोल धरणांत हेच थंडीच्या दिवसांत सावकाश होतं. नळाच्या पाण्याला त्या सुमाराला वास येऊ लागला, तर पाइपलाइन तपासताना धरणात कुठल्या खोलीवरून पाणी उचललं जातंय तेही बघावं लागतं.

खारपाटातलं तळं वेगळं

पेण, अलिबाग, उरण आणि पनवेलच्या खारपाटात भातखाचरालगत तळी खणून जिताडा पाळला जातो. तिथे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे मीठ. मे अखेरीस तळ्याचं पाणी खारट झालेलं असतं. पहिल्या पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. खालचं खारं पाणी मिठाने जड झालेलं असल्याने ते तापलं तरी वर येत नाही. मग वर गार आणि खाली गरम असा उलटा प्रकार होतो, आणि तळाची ऊब बाहेर पडायला वाट उरत नाही.

यात किती ताकद आहे ते गुजरातमध्ये भुजला दिसलं होतं. तिथे मुद्दाम खाली खारट, वर गोडं असं पाणी ठेवून सहा हजार चौरस मीटरचं सौर तळं केलं होतं. १९९० च्या दशकात त्याच्या तळाच्या उष्णतेवर दूध डेअरीला गरम पाणी पुरवलं गेलं. जिताड्याच्या तळ्यात तेवढी उष्णता साठत नाही, पण मासा तळाशी असेल तर थोडीही पुरते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर उघाडीतून वरचं गोडं पाणी काढून देणं हा साधा आणि उपयोगी उपाय आहे.

विष की गुदमरणं, कसं ओळखायचं

मासे मेलेले दिसल्यावर पहिल्या तासात जे बघितलं जातं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली गोष्ट वेळ. पहाटे मेले आणि सूर्य वर आल्यावर मरणं थांबलं, तर प्राणवायूची शक्यता जास्त. भर दुपारीही मरत राहिले, तर संशय सांडपाण्याचा किंवा औषधाचा.

दुसरी गोष्ट आकार. प्राणवायू कमी पडला की आधी मोठे मासे मरतात. विषात बहुधा आधी बारीक मासे जातात.

तिसरी गोष्ट जात. मरळ, शिंगी, मागूर हे वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. रोहू-कटला मेले आणि मरळ जिवंत राहिली, तर ते गुदमरणं. मरळ, बेडूक, पाणसाप, किडे सगळेच मेले, तर काही तरी मिसळलंय असं धरून चालावं.

चौथी गोष्ट जागा. सगळ्या तळ्यात सारखे मेले की एखाद्या नाल्याच्या तोंडाशी जास्त, याचा फोटो वेळेसह काढून ठेवावा.

ही लक्षणं म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा पाण्याच्या नमुन्यातून मिळतो. आणि मोठी गफलत तिथेच होते. नमुना बहुधा दुपारी, काठावरून, वरचा घेतला जातो. पहाटे जे पाणी जीवघेणं होतं तेच दुपारी दोनला उन्हाने आणि वाऱ्याने चांगलं झालेलं असतं. रासायनिक सांडपाणी वाहत्या नाल्यातून आलं असेल तर तेही तोवर पुढे निघून गेलेलं असतं. मग अहवालात काहीच सापडत नाही आणि दोन्ही बाजू आपापलंच खरं धरून बसतात. प्रदूषण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लगेच कळवावं. ते येईपर्यंत स्वच्छ बाटल्यांत वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं भरून, वेळ लिहून, पंचांसमोर थंड जागी ठेवावं. बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून खाली सोडली आणि तळाशी गेल्यावर बूच ओढलं की तळाचं पाणी मिळतं.

गाळ काढताना काय चुकतं

२०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली. लहान शेतकऱ्यांना गाळ शेतात टाकायला अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदानही ठेवलं. योजना चांगली आहे. पण तिचा हिशोब घनमीटर आणि ट्रॉल्यांत होतो. किती पाणी वाढलं हे मोजलं जातं. पाण्याची तब्येत सुधारली का, हे कोणी विचारत नाही.

गाळ काढल्याने कुजणारा माल कमी होतो, हा मोठा फायदा. पण पोकलेन जिथे सोयीने उभा राहतो तिथेच खोदलं जातं आणि एका कोपऱ्यात खोल डबरा तयार होतो. वारा त्या डबऱ्याच्या तळापर्यंत पोचत नाही. पुढचा केर त्यातच जमतो आणि दोन वर्षांत तिथे प्राणवायू नसलेल्या पाण्याचा साठा होतो. म्हणून गाळ सारखा पसरून, थरावर थर काढायला हवा. मूळ चिकणमातीचा तळ फुटू देऊ नये, नाहीतर पाणीच झिरपून जाईल. काम माघ ते वैशाखात उरकावं. पावसाच्या तोंडावर अर्धवट ढवळलेला गाळ सोडणं म्हणजे धोका वाढवणं. आणि कारखान्यांच्या नाल्याचं पाणी जिथे येतं तिथला गाळ तपासणी झाल्याशिवाय भाताच्या खाचरात टाकू नये.

देहरंगचा गाळ काढा, ही पनवेलकरांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेची २०१६ मध्ये महापालिका झाली, तरी गाढी नदीवरच्या या धरणाचा प्रश्न उन्हाळा आला की पुन्हा निघतो. तिथेही किती गाळ निघेल एवढंच न बघता तळाच्या पाण्याचं तापमान आणि प्राणवायू वर्षभर मोजला पाहिजे. शहरातल्या तलावांना भिंती, दिवे, पदपथ झाले. पण काठावरची झाडं तोडली तर सावली जाते आणि नाले वळवले नाहीत तर गाळ वाढतच राहतो.

जगातही हेच चाललंय. उन्हाळ्यातल्या वरच्या पाण्याच्या तापमानावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३५ तलाव बघितले गेले. १९८५ ते २००९ या काळात ते दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंशाने तापत होते. आकडा लहान वाटतो. पण आपल्याकडे दीड-दोन अंशांत थर बसतो हे लक्षात घेतलं, की तो लहान राहत नाही.

गावाने काय करावं

मोठ्या यंत्राची गरज नाही. काचेचा साधा थर्मामीटर आणि दोरी पुरते. पहाटे आणि दुपारी तीनला, वरचं आणि तळाचं तापमान आठवड्यातून एकदा वहीत लिहावं. तळाचं पाणी बाटलीत वर काढून लगेच मोजलं तरी चालतं. पहाटेही वर-खाली दीड-दोन अंशांचा फरक राहिला, तर थर मोडलेला नाही असं समजावं. शाळेतली मुलं हे काम सहज करतील.

थर टिकलेला असताना आभाळ भरून आलं, तर खाद्य आणि शेण टाकणं बंद. मध्यरात्रीनंतर पंप लावून पाणी उडवून पुन्हा तळ्यात सोडावं, सूर्य वर येईपर्यंत. त्या दिवशी जाळं ओढून तळ ढवळू नये. चुना टाकायची घाई करू नये. अमोनिया झालेल्या पाण्यात चुन्याने विषारीपणा वाढतो, म्हणून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला विचारूनच. मासे जास्त झाले असतील तर ते मृगाआधीच काढून विकावेत. पावसाची वाट बघण्यात फायदा नाही.

आणि ग्रामसभेत तळ्याचा लिलाव होतो, तेव्हा त्याच कागदावर दोन अटी घालाव्यात. ठेकेदाराने तापमानाची वही ठेवायची, आणि मासे मेले तर एका तासात पंचांसमोर तळाच्या पाण्याचा नमुना घ्यायचा. वर्षभराची वही हातात असली तर उन्हाने मेलेल्या माशांचा आळ शेजाऱ्यावर जाणार नाही. आणि नाल्यातून कोणी काही सोडलं असेल तर त्याला "यंदा ऊन फार होतं" म्हणून हात झटकता येणार नाहीत.